एटी-एलपी१२०एक्स-यूएसबी, मामांच्या तबकड्या आणि भाऊबीजेला फिरणारी डिस्क

मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्याने टर्नटेबलचा रिव्ह्यू कशाला लिहायचा, असं आमच्या चिरंजीवांचं म्हणणं. मी म्हटलं, बाबा रे, थाळी उचलली की खाली मोटरच आहे. गाण्यातलं मला जे काही कळतं ते मामांमुळे. ते इथल्या सांगलीतल्या हौशी संगीत नाटकांना पेटीची साथ करायचे. ते गेल्यावर मामींनी त्यांच्या ट्रंका माझ्याकडे दिल्या. "तूच ने बाबा, तुला तरी नाद आहे. पोरं माझी रद्दीत घालतील." ट्रंकांत शंभरावर एलपी, थोड्या छोट्या ईपी, आणि तळाला लाखेच्या जड जड तबकड्या, त्या काही दीडशेच्या खाली नसतील.

हे सगळं एकदा संगणकावर उतरवायचं आणि निदान माझ्या नातवंडांना ऐकता येईल असं ठेवायचं, एवढंच काम होतं. त्यासाठी ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीचा एटी-एलपी१२०एक्स-यूएसबी टर्नटेबल घेतला, सिनॉलॉजीचा दोन डिस्कचा नॅस डबा (घरच्या नेटवर्कला जोडून ठेवायची साठवण) वापरून पाहिला, आणि शेवटी दोन साध्या यूएसबी हार्ड डिस्कवर येऊन थांबलो. निकाल आधीच सांगून टाकतो: टर्नटेबल बिनधास्त घ्या, डब्याचं घाईने ठरवू नका. किमती सारख्या वरखाली होतात, म्हणून आकडे लिहीत नाही.

आधी टर्नटेबल. हा डायरेक्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे मध्ये बेल्ट नाही, थाळी थेट मोटरवर फिरते. बेल्ट म्हटला की तो आज ना उद्या सैल पडणार, हे मला कोणी सांगायला नको. दुकानात निम्मी गिऱ्हाइकं त्याचसाठी येतात. बटण दाबलं की थाळी लगेच वेगात येते. थाळीच्या कडेला ठिपके आहेत आणि शेजारी लाल स्ट्रोब दिवा. वेग बरोबर असला की ठिपक्यांची एक ओळ जागच्या जागी उभी दिसते. हे बघत मी पहिल्या दिवशी नुसताच बसलो होतो, रेकॉर्ड न लावता. बायको म्हणाली, "गाणं लावा की आता." यंत्राचं वजन आठ किलोच्या आसपास आहे, टेबलावर बसलं की हलत नाही. आमच्या रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात तेव्हा त्याचा उपयोग कळतो.

मी हाच का घेतला, तर ७८ साठी, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगासाठी. हल्लीच्या बऱ्याच टर्नटेबलांना ३३ आणि ४५ एवढेच वेग असतात. ह्याला ३३ आणि ४५ ची दोन्ही बटणं एकदम दाबली की ७८ सुरू होतो. ज्यांच्याकडे आजोबांच्या काळातलं काही नाही त्यांना ह्या गोष्टीचं महत्त्व वाटणार नाही, पण आमच्यासारख्यांचा सगळा खेळ त्या एका आकड्यावर आहे. एलपी आली १९४८ मध्ये. त्याच्या आधीचं सगळं, म्हणजे बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर, हे दहा इंची लाखेच्या तबकडीत तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलेलं गाणं आहे. खाँसाहेब मिरजेला स्थायिक झालेले, म्हणजे आमच्यापासून हाकेच्या अंतरावरचे. त्यांच्या तीसच्या दशकातल्या ओडियन कंपनीच्या तबकड्या मामांनी कुठून कुठून जमवल्या होत्या. अख्खा राग तीन मिनिटांत मांडायचा म्हटल्यावर एक सूरही वाया घालवून चालत नाही. मामा म्हणायचे, ज्याला लांबण लावायची सवय आहे त्याने महिनाभर फक्त ह्याच ऐकाव्यात.

पण नुसता वेग असून भागत नाही. टर्नटेबलबरोबर येते ती एटी-व्हीएम९५ई ही कार्ट्रिज, म्हणजे सुई जिच्यात बसते तो भाग, आणि तिची सुई एलपीच्या बारीक खाचेसाठी आहे. लाखेच्या तबकडीची खाच त्या खाचेच्या दुप्पट-तिप्पट रुंद. बारीक सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन घासत राहते, आवाज खरखरीत येतो आणि सुईही वाया जाते. ७८ साठी व्हीएमएन९५एसपी नावाची वेगळी सुई मिळते, तिचं टोक ३ मिलचं, म्हणजे मिलिमीटरचा साधारण तेरावा भाग. कार्ट्रिजचं अंग तेच, पुढचा भाग ओढून काढायचा आणि दुसरा सरकवायचा. एक मात्र विसरायचं नाही. एलपीच्या सुईवर २ ग्रॅम भार लागतो आणि ७८ च्या सुईवर ५ ग्रॅम, त्यामुळे दर वेळी सुईच्या दांडीच्या मागचं वजन फिरवून नव्याने तोलावं लागतं. वजनाच्या चकतीवर आकडे आहेत, पण मी सराफ कट्ट्यावरून छोटा डिजिटल काटा आणला. सुई त्याच्यावर टेकवायची आणि आकडा बघायचा. सराफाने विचारलं, "काय तोलताय?" म्हटलं, गाणं. तो काही हसला नाही.

आता ह्या यंत्रातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. उजव्या हाताला एक सरकपट्टी आहे, वेग थोडा कमी-जास्त करायला, ८ टक्क्यांपर्यंत किंवा बटण दाबून १६ टक्क्यांपर्यंत. ती मुळात डीजे लोकांसाठी ठेवलेली. पण जुन्या ७८ च्या तबकड्या सगळ्याच नेमक्या ७८ वर ध्वनिमुद्रित झालेल्या नाहीत. त्या काळी यंत्रं वजनावर, स्प्रिंगवर चालायची, कुठे ७६, कुठे ८०. वेग ६ टक्क्यांनी चुकला की सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने सरकतो, म्हणजे काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनमध्ये गेलेला ऐकू येतो. आवाज बारीक होतो, लय पळायला लागते, आणि आपण म्हणतो, जुन्या काळी लोक फार घाईने गात होते बुवा! मामांनी बऱ्याच पाकिटांवर पेन्सिलीने पट्टी लिहून ठेवली होती. मी त्यांचीच पेटी टेबलाशेजारी ठेवतो, षड्ज धरतो आणि सरकपट्टी हळूहळू हलवत दोन्ही जुळवतो. जुळल्याचं कानाला लगेच कळतं. पेटीही कालांतराने उतरते हे मान्य, पण त्या फरकापेक्षा ह्या तबकड्यांतला फरक फार मोठा निघतो. हे काम सॉफ्टवेअरमध्येही होतं, पण पेटीवर बोट ठेवून करण्यात जी मजा आहे ती माउसने नाही.

हा पूर्ण मॅन्युअल आहे. बाजू संपली की सुई आपोआप उचलली जात नाही, शेवटच्या खाचेत फिरत राहते, आपणच उठायचं. ज्यांना आडवं पडून ऐकायचंय त्यांनी हे ध्यानात घ्यावं. मला तर रेकॉर्डिंग चालू असताना समोर बसावंच लागतं, त्यामुळे अडचण नाही. धूळझाकण आहे, पण बिजागरीचं प्लास्टिक मला अंमळ नाजूक वाटलं. एवढ्या भरभक्कम यंत्राला जरा तगडी बिजागरी शोभली असती.

फोनो प्रीअँप, म्हणजे सुईकडून येणारा बारीक आवाज मोठा करणारा भाग, आतच आहे, स्विचने तो बंद करता येतो. घरच्या अँप्लिफायरला फोनोची जागा नसली तरी हरकत नाही, साध्या ऑक्सला जोडा. प्रीअँप आरआयएए पद्धतीचा, म्हणजे १९५४ पासून जी सगळीकडे रूढ झाली ती. त्याआधी प्रत्येक कंपनी खर्ज किती दाबायचा आणि वरचे सूर किती उठवायचे हे आपापल्या हिशेबाने ठरवत असे. म्हणून जुन्या तबकड्या ह्यावर थेट वाजवल्या की थोड्या मिटल्यासारख्या लागतात. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या मोफत प्रोग्राममध्ये नंतर ईक्यू देऊन, म्हणजे खर्ज आणि वरचे सूर कमी-जास्त करून, तो फरक बराचसा भरून निघतो. किती द्यायचा ते मी कानानेच ठरवतो. इथे शास्त्र चालवणाऱ्यांनी चालवावं.

मागे यूएसबीचं भोक आहे, प्रिंटरला असतं तसं चौकोनी. लॅपटॉपला जोडलं की विंडोज ह्याला मायक्रोफोन समजतं, त्यात गैर काही नाही. फक्त साउंडच्या सेटिंगमध्ये जाऊन तो दोन चॅनेलवर आहे का आणि आवाज 'सुधारणाऱ्या' सगळ्या खुणा काढल्या आहेत का, हे बघून घ्या. नाहीतर गवयाने सूर लहान केला की विंडोज तो आपल्या मनाने मोठा करतं, आणि खाँसाहेबांची सगळी कारागिरी पाण्यात.

सुरुवातीला मला रेकॉर्डिंगमध्ये बारीक गुणगुण यायची. चिरंजीव म्हणाले, यंत्र बदलून घ्या. मी म्हटलं, थांब. लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली आणि गुणगुण गेली. टर्नटेबलचा दोष नव्हताच, आमच्या जुन्या घरातल्या त्या सॉकेटची अर्थिंग नावापुरती होती. नवीन अर्थिंग पिट मारून घेतला. ज्यांच्या घरी ते शक्य नाही त्यांनी रेकॉर्डिंग करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. फुकटचा उपाय आहे.

आता जाणकार लोक नाक मुरडतात ती गोष्ट. ह्याच्या यूएसबीतून येणारा आवाज १६ बिटांचा असतो, ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्‌झ. ते म्हणतात २४ बिट, ९६ किलोहर्ट्‌झ पाहिजे, त्यासाठी वेगळा कन्व्हर्टर घ्या. मी हिशेब केला. १६ बिटांत ९६ डेसिबलपर्यंतचा लहानमोठा आवाज मावतो. चांगल्यातली चांगली एलपी ७० च्या आसपास थकते, आणि लाखेची तबकडी त्याच्याही बरीच खाली. घागर भरलेलीच अर्धी, तर तिच्यासाठी हौद कशाला बांधायचा? २४ बिटांचा एक फायदा मात्र खरा आहे, रेकॉर्डिंगची पातळी ठरवताना हात सैल ठेवता येतो. पण तेवढ्यासाठी मी पैसे घालवले नाहीत. ते ७८ च्या सुईला आणि साफसफाईला घातले. त्यातून जो फरक पडला तो घरातल्या सगळ्यांना ऐकू आला.

साफसफाईबद्दल दोन गोष्टी, कारण ह्यात लोकांच्या तबकड्या कायमच्या जातात. लाखेच्या तबकडीला स्पिरिट, आयसोप्रोपिल, कोलोन, अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही. लाख त्यात विरघळते. पॉलिशवाला लाख स्पिरिटमध्येच तर विरघळवतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचा थेंब, मऊ ब्रश, आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला जे कॅन मिळतात तेच. लेबलवर पाणी जाऊ द्यायचं नाही. सुकवायचं सावलीत. एलपीचं विनाइल उन्हात पापडासारखं वाकतं आणि मग कोणतंच टर्नटेबल त्याचं काही करू शकत नाही.

रेकॉर्डिंग झालं की मूळ फाइल मी तशीच ठेवतो, हात लावत नाही. टिकटिक काढलेली प्रत वेगळी. कारण टिकटिक काढणारं सॉफ्टवेअर तबल्याची चाट आणि रेकॉर्डवरचा चरा ह्यांत फार भेद करत नाही. जोर वाढवला की चराही जातो आणि तबलाही उशीखाली ठेवल्यासारखा होतो. पुढेमागे ह्याहून हुशार सॉफ्टवेअर येईल, तेव्हा मूळ फाइल हाताशी असलेली बरी. लाखेच्या तबकड्या सगळ्या मोनो, तेव्हा दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो करायचं. फाइल निम्मी होते आणि खरखरही कमी होते, कारण सुई वरखाली उडाल्याचा आवाज दोन्ही बाजूंत उलटसुलट असतो, तो आपसांत कटतो.

साठवण्यासाठी फ्लॅक हा फाइलचा प्रकार. २००१ पासून आहे, मोफत आहे, आणि एमपी३ सारखं काही गाळत नाही. आकार साधारण निम्मा होतो. हिशेब लिहून ठेवतो, कारण इथेच लोक घाबरून नको तेवढी साठवण विकत घेतात. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्‌झ, स्टिरिओ म्हणजे मिनिटाला १० एमबी. चाळीस मिनिटांची एलपी ४०० एमबी, फ्लॅक केल्यावर दोन-अडीचशे. लाखेच्या तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून सहा-सात मिनिटं, त्याही मोनो, म्हणजे वीस-पंचवीस एमबी. मामांचा अख्खा संग्रह, मूळ आणि साफ अशा दोन-दोन प्रती, लेबलांचे आणि कव्हरांचे फोटो, सगळं धरून १०० जीबीच्या आत. माणसाने जन्मभर जमवलेलं गाणं आजच्या सगळ्यात स्वस्त हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात बसतं.

हे चिरंजीवांना सांगायच्या आधीच ते पुण्याहून सिनॉलॉजीचा डीएस२२३जे डबा घेऊन आले होते. तैवानची कंपनी, दोन डिस्कचे कप्पे, मागे दोन यूएसबी, एक नेटवर्कची जागा, एक जीबी मेमरी. "बाबा, सगळं ह्यात टाका, मी पुण्यातून ऐकेन." आणि खरंच, चालवायला सोपा निघाला. ब्राउझरमध्ये नेहमीच्या संगणकासारखा पडदा दिसतो, फोल्डर करायचं, पासवर्ड द्यायचा, झालं. आवाजही फारसा नाही. एकावर लिहिलेलं दुसऱ्या डिस्कवर आपोआप उमटतं, एक जळाली तर दुसरी काम चालू ठेवते. घरात चार माणसं आहेत, सगळ्यांचे फोन फोटोंनी तुडुंब आहेत, रोज काहीतरी भर पडतेय, अशा घरासाठी मी हा डबा आनंदाने सुचवेन.

माझं काम मात्र तसं नाही. मी महिन्याला पाच-दहा तबकड्या उतरवतो. त्यासाठी चोवीस तास चालू राहणारं यंत्र कशाला? वॅटमीटर लावून पाहिला, डिस्क चालू असताना पंधराच्या आसपास वॅट. म्हणजे महिन्याला अकरा युनिट. फार नाही, पण फुकटही नाही. शिवाय आमच्याकडे वीज जाते-येते, तेव्हा यूपीएस आलाच. आणि यूपीएसची बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदला. साठवणीच्या एका गोष्टीला सांभाळायला तीन गोष्टी झाल्या.

आणि मूळ मुद्दा वेगळाच आहे. त्या डब्यातल्या दोन डिस्क एकाच घरात, एकाच खोलीत, एकाच वायरवर. मी चुकून फोल्डर उडवलं तर दोन्हीवरून जाईल. वीज कडाडली तर दोन्ही जातील. आणि सांगलीच्या माणसाला तिसरी गोष्ट शिकवावी लागत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ आहे. मामांचं घर गावभागात, खाली. माणसं वेळेवर निघाली, ट्रंका राहिल्या. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो तेव्हा तबकड्या चिखलाच्या थरात होत्या. अंगणात बादल्या मांडून एकेक धुतली, ताटाळ्यात उभी करून सावलीत वाळवली. बरीच कव्हरं गेली, काही पाकिटं लगदा झाली, काही लाखेच्या तबकड्यांना आधीच चिरा होत्या त्यांत पाणी शिरून पापुद्रे सुटले. पण एलपी जवळजवळ सगळ्या वाचल्या. आज त्या वाजतात, टिकटिक थोडी जास्त, एवढंच. त्याच खोलीत कपाटाच्या खणात मामेभावाची हार्ड डिस्क होती, घरातले सगळे फोटो आणि मामांच्या पेटीवादनाच्या कॅसेटवरून उतरवलेल्या फाइली तिच्यात. तिच्यातून एक अक्षर निघालं नाही. डेटा काढून देणाऱ्याने आधी भरवसा दिला, मग आकडा सांगितला, आणि शेवटी जमणार नाही म्हणाला.

तेव्हा प्रत एक असून चालत नाही, आणि दोन प्रती एका घरात असून उपयोग नाही. माझी व्यवस्था अशी. एक टीबीच्या दोन साध्या यूएसबी हार्ड डिस्क, खिशात मावणाऱ्या, वेगळ्या अडॅप्टरशिवाय चालणाऱ्या. दोन्हीवर तेच. एक माझ्याकडे माडीवर, दुसरी कोथरूडला ताईकडे. रक्षाबंधनाला किंवा भाऊबीजेला जे कोणी जाईल-येईल त्याने आपली डिस्क नेऊन दुसरी आणायची. ताई ओवाळणीचं पाकीट घेते आणि डिस्क देते. आलेल्या डिस्कवर मी मधल्या काळातली भर चढवतो. ह्यात वर्गणी नाही, पासवर्ड विसरणं नाही, इंटरनेटचा वेग नाही. दोन्ही एक्सफॅटमध्ये फॉर्मॅट केल्या आहेत, म्हणून ताईच्या सुनेच्या मॅकवरही उघडतात. लॅपटॉपमध्ये तिसरी प्रत आहेच.

एसएसडी का नाही, असं विचारतात. रोजच्या वापराला उत्तम, पण कपाटात वीज न देता लांब काळ पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरू शकतो. फिरणाऱ्या डिस्कला ती भीती कमी. तिची भीती म्हणजे हातातून पडणं. म्हणून ताईने तिच्यासाठी गोधडीच्या तुकड्याची पिशवी शिवली आहे. आणि फ्लॅकचा आणखी एक गुण इथे कामाला येतो. प्रत्येक फाइलमध्ये तिच्या आवाजाचा एमडी५ ठसा आत लिहिलेला असतो. डिस्क घरी आली की मी रात्री फाइली तपासायला लावून झोपतो. एखादी फाइल कुठे बिघडली असेल तर सकाळी नाव दिसतं आणि दुसऱ्या प्रतीवरून ती परत घेता येते. हे काम फूबार या मोफत प्रोग्राममध्ये एका टिचकीवर होतं.

नावं देण्याची पद्धत लवकर ठरवा, नंतर फार कंटाळा येतो. मी गायक, राग किंवा पद, कंपनी आणि तबकडीचा नंबर असं लिहितो. पुरात ज्यांची लेबलं धुतली गेली त्यांच्यावर काहीच वाचता येत नाही, पण लेबलाच्या कडेला लाखेत कोरलेला मॅट्रिक्स नंबर टिकतो. तिरका टॉर्च मारला की दिसतो. त्यावरून बऱ्याच ओळखता आल्या. काही मामींनी नुसतं ऐकून सांगितल्या, "अरे ही हिराबाईंची, हिच्यावरून तुझ्या मामांचं नि माझं पहिलं भांडण झालं." टॅगमध्ये मी देवनागरी वापरतो. फाइलचं नाव मात्र रोमन लिपीत, कारण गाडीतल्या स्टिरिओवर देवनागरीचे चौकोन दिसतात. आणि सगळ्याची एक साधी टेक्स्ट यादी, जी कुठल्याही संगणकावर उघडेल.

पेन ड्राइव्हबद्दल एक सावधगिरी. शेजाऱ्यांनी ऑनलाइन कुठल्याशा विक्रेत्याकडून दोन टीबीचा म्हणून पेन ड्राइव्ह चहा-नाश्त्याच्या पैशात आणला आणि माझ्याकडे गाणी भरून मागितली. विंडोज दोन टीबी दाखवत होतं. एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रामने पूर्ण लिहून-वाचून पाहिलं, तर खरी जागा ३२ जीबीसुद्धा नव्हती. त्यापुढचं सगळं तो गिळत होता आणि "झालं" म्हणत होता. नवीन आणलेली कुठलीही डिस्क मी आता आधी ह्या परीक्षेला बसवतो, मगच तिच्यावर गाणं चढवतो.

राहिला कोणी काय घ्यावं हा प्रश्न. ७८ च्या तबकड्या असतील, हाताने तोलण्या-जुळवण्याची हौस असेल, तर एलपी१२०एक्स-यूएसबी आणि वर व्हीएमएन९५एसपी सुई. ती सुई धरूनच बजेट काढा. फक्त एलपी आहेत आणि बाजू संपल्यावर उठायचाही कंटाळा आहे, तर ह्याच कंपनीचा एलपी६०एक्स-यूएसबी घ्या. बेल्टवर चालणारा आहे, ७८ नाही, कार्ट्रिज बदलता येत नाही, पण सुई आपोआप उतरते आणि आपोआप परत जाते, आणि यूएसबीही आहे. व्हीएम९५ई च्या सुईचं आयुष्य कंपनी ३०० तास सांगते, म्हणजे चाळीस मिनिटांच्या साडेचारशे एलपी. माझ्या ट्रंकांना एक सुई पुरून उरली. तरी दुसरी आणून ठेवली आहे, कारण मामी आता दर रविवारी येऊन बसतात आणि त्यांना फाइल नको असते, तबकडीच लागते.